हेलिकॉप्टरशेजारची वाट

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. सोफ्याखाली धूळ साठते तसे ते साठतात आणि पाहुणा आला की दिसायला लागतात. परवा एक जुना मित्र लातूरला आला होता. चहा पिता पिता त्यानं सहज विचारलं, "तुमच्या त्या ऑफिसात नेमकं चालतं तरी काय?" मी सांगायला बसलो आणि त्याची अहमदपूरची बस गेली! बिचारा पुढच्या बसनं गेला, तेही उभ्यानं. तेव्हाच ठरवलं की हे एकदाचं लिहून काढावं. निदान कुणाची बस तरी चुकणार नाही.

तर आमचं ऑफिस लातुरात आहे आणि आम्ही नौदलाच्या जहाजांचं डिझाइन करतो. हसा, सगळेच हसतात. जहाज बांधतात किनाऱ्यावर, पण त्याचं ड्रॉइंग कुठंही बसून करता येतं. त्याला कॉम्प्युटर लागतो, वीज लागते आणि डोकं लागतं. यातली वीज सोडली तर बाकीचं आमच्याकडे भरपूर आहे. शिपयार्ड आम्हाला जहाजाचा एखादा तुकडा देतं. आम्ही त्यातली भिंत न् भिंत आणि पाइप न् पाइप मॉडेलमध्ये बसवून परत पाठवतो. माझं काम सगळ्यांचे तुकडे एकत्र जुळवण्याचं, म्हणजे खरं तर भांडणं सोडवण्याचं. सगळे मला 'भाऊ' म्हणतात ते त्यामुळेच असावं.

*

आमचे साहेब नौदलातून निवृत्त झालेले. बायकोचं माहेर लातूर, म्हणून इथं येऊन राहिले. माणूस सोन्यासारखा, पण थट्टा अजिबात कळत नाही. विचाराल तेवढ्याचंच उत्तर देणार, आणि तेही खरं.

ऑफिससाठी दुसऱ्या मजल्यावरची जागा बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी विचारलं, "इथं काय करणार म्हणलात?"

"जहाज," साहेब म्हणाले.

घरमालकांनी एकदा साहेबांकडं बघितलं, एकदा स्लॅबकडं. "वजन किती असतंय त्याचं?"

"तीन-चार हजार टन."

घरमालक तिथंच पायरीवर बसले! मी घाईघाईनं पुढं झालो. म्हटलं, "अहो काका, जहाज नाही, त्याचं नुसतं ड्रॉइंग. कागदावरचं." त्यांना पाणी दिलं, नीट समजावलं. बराच वेळ विचार करून ते म्हणाले, "मंग हरकत न्हाई. पण कागदाची कपाटं भिंतीकडंला लावा. मधी नका ठेवू!"

*

फारूकभाई उदगीरचे. जहाजाच्या मागच्या डेकवर हेलिकॉप्टर उतरतं, तो डेक त्यांच्याकडं. हेलिकॉप्टरबद्दल त्यांना काहीही विचारा. पात्यांची घडी कशी होते, वारा कुठून आला तर पायलट कसा उतरतो, सगळं तोंडपाठ. त्यांचा आवडता विषय म्हणजे इंजिन बंद पडलं तर काय होतं. "घाबरायचं न्हाई भाऊ," ते सांगायचे, "वरचा पंखा फिरत राहतो, आणि त्याच्यावर तरंगत तरंगत आपण खाली येतो. अल्ला की मेहेरबानी!"

एकदा शिपयार्डच्या मीटिंगला आम्हा दोघांना हैदराबादहून विमानानं जायचं होतं. उदगीरपासून विमानतळापर्यंत गाडीत फारूकभाईंनी मला विमानविद्येचे धडे दिले. विमानात बसल्यावर मात्र त्यांचा आवाज बंद! विमान वर उठलं तसा त्यांनी माझा हात असा काही पकडला की माझं घड्याळ मनगटात रुतलं. तेव्हा कळलं, स्वारी जन्मात पहिल्यांदाच विमानात बसली होती.

मी म्हटलं, "फारूकभाई, तुम्हीच तर सांगता की इंजिन बंद पडलं तरी घाबरायचं नाही म्हणून."

त्यांनी डोळे न उघडता उत्तर दिलं, "वो हेलिकॉप्टर है मियाँ! इसकू उपर पंखा किधर है?"

*

आता बालाजीराव. देवणीचे, पन्नाशीचे, अंगानं भरलेले आणि मतांनी त्याहून भरलेले. प्रोपल्शन त्यांच्याकडं, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्ट, पंखा, जहाजाला पुढं ढकलणारं सगळं. कुणी नवीन माणूस आला की त्याला एका वाक्यात सांगतात, "रोजच्या चालीला डिझेल इंजिन, शर्यतीला टर्बाइन. पण टर्बाइन लई खादाड! ती हवा पिती न् आग सोडती. तिला नाकाडं मोठं द्यावं लागतंय."

हे नाकाडं म्हणजे इंजिनाचा धूर वर नेणारे जाडजूड डक्ट. तो गरम धूर हेलिकॉप्टरच्या डेकवर आला तर पंचाईत, कारण गरम हवेत हेलिकॉप्टरचा पंखा नीट उचल घेत नाही. याची खरी टेस्ट मोठ्या प्रयोगशाळेत होते. पण तिथला नंबर लागायला वेळ होता आणि बालाजीरावांना दम नव्हता. म्हणून त्यांनी फारूकभाईंकडून पुठ्ठ्याचं जहाज करून घेतलं, त्याच्या चिमणीत धूप पेटवून ठेवला आणि समोर ऑफिसातला कूलर लावला. धूर कुठं जातो ते बघायला आम्ही सगळे टेबलाभोवती गोळा झालो. धूर दिसावा म्हणून दिवे मालवले. धूप नीट पेटेपर्यंत विझू नये म्हणून मी दोन्ही हात जोडून आडोसा धरला होता.

तेवढ्यात साहेब आत आले. अंधार, धूप, मधे जहाज आणि मी हात जोडून उभा! साहेबांनी क्षणभर बघितलं, गपचूप माझ्या शेजारी येऊन हात जोडले आणि हळूच विचारलं, "प्रसाद झाला का?"

*

हसण्यावारी नेण्यासारखं हे सगळं. पण ऑफिसात एक भांडण असं होतं की त्यात मला हसता येत नव्हतं.

डेकच्या पुढं हेलिकॉप्टर ठेवायची खोली असते, ती हँगर. हँगर अनुराधाकडं. ती बिलोलीची, आमच्यात सगळ्यात लहान आणि कामात सगळ्यात चिवट. आमच्या जहाजात हँगरची उजवी भिंत आणि बालाजीरावांचे डक्ट एकमेकांना खेटून होते. भिंत इकडं सरकली तर डक्टला जागा, तिकडं सरकली तर हँगरला. हेलिकॉप्टर आत घेतल्यावर त्याच्या आणि भिंतीच्या मधे जी वाट उरते, तिथून माणसांना ये-जा करावी लागते. ती वाट किती रुंद असावी, एवढाच वाद. नियमात अरुंद वाट बसत होती. अनुराधाला वीतभर जास्त हवी होती.

सगळ्यांचं मॉडेल एकच, सर्व्हरवर. दर दोन-चार दिवसांनी अनुराधाला आपली भिंत बोटभर आत आलेली दिसायची.

"सर, भिंत कुणी सरकवली?"

"मला काय म्हाईत, ताई? मॉडेल हँग झालं असंल."

ज्याच्याकडं शेत आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. शेजारी दर नांगरणीला नांगराच्या एका तासाएवढा बांध कोरतो आणि विचारलं तर बैलावर ढकलतो, अगदी तसंच! बालाजीरावांच्या घरात तीन पिढ्यांची शेती, आणि अनुराधाही काही शहरातली नव्हती. एका सकाळी तिनं पिशवीतून एक दगड काढला. त्याला गेरू फासलेला. दोघांच्या टेबलांच्या बरोबर मधे तिनं तो ठेवला.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"बांधाची खूण, सर."

साहेबांना वाटलं ही काही इकडची रीत असेल. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर दगडच चार बोटं अनुराधाच्या बाजूला सरकलेला!

*

अनुराधा एवढी का अडून बसली होती, ते सांगतो. तिचा भाऊ महेश नौदलात, हेलिकॉप्टरच्या देखभालीच्या टीममध्ये. एका जुन्या जहाजावर हेलिकॉप्टर हँगरमध्ये ढकलत होते. समुद्र खवळलेला. महेश भिंतीच्या बाजूनं आत चालला होता आणि जहाज कललं. हेलिकॉप्टर सरकलं आणि तो भिंत आणि हेलिकॉप्टर यांच्या मधे दाबला गेला. बरगड्या मोडल्या. जीव वाचला.

ही गोष्ट तिनं फक्त मला सांगितली होती, तीही जिन्यात उभं राहून. "भाऊ, नियमात बसतं म्हणतात सगळे. त्या जहाजावर पण नियमात बसत होतं."

मी म्हटलं, "मग बालाजीरावांना सांग ना."

"न्हाई. सांगितलं तर दया म्हणून देतील. मला डिझाइन म्हणून पाहिजे."

मला तिचा राग आला आणि अभिमानही वाटला. शेवटचा रिव्ह्यू जवळ येत होता. एकदा ड्रॉइंगवर सह्या झाल्या की मग ती भिंत स्टीलची होणार, आणि स्टीलची भिंत काही बोटभर सरकवता येत नाही.

*

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक तयार माणूस मिळतो. तो मॉडेलमध्ये उभा करून जागा पुरते का ते बघायचं. हा माणूस बारीक, ताठ आणि रिकाम्या हातांचा. अनुराधा म्हणाली, "हा जेवत न्हाई, पाना घेत न्हाई, वाकत न्हाई. असा माणूस मी तरी बघितला न्हाई." आणि तिनं त्याचं माप बदललं. हातात टूलबॉक्स दिली, अंगात जाड जॅकेट घातलं, आणि पोटही दिलं.

बालाजीरावांनी मीटिंगमध्ये तो माणूस बघितला आणि खवळले. "सायेब, ह्यो माणूस हिनं फुगवला! नौदलात असली पोटं असतात व्हय? ते सगळे रोज सकाळी पळायला जातात. ह्यो सरळ सरळ माझा पुतळा हाय!"

अनुराधा शांतपणे म्हणाली, "सर, मी कुणाचं नाव घेतलं का?"

साहेबांनी मॉडेलमधल्या माणसाकडं बघितलं, मग बालाजीरावांकडं बघितलं, आणि नेहमीसारखं खरं तेच बोलले, "साम्य आहे."

*

मग आली वेळ अमावस्या, आमच्याकडची येळवस. त्या दिवशी लातूर रिकामं होतं. ज्याचं शेत आहे तो शेतात जातो, आणि ज्याचं नाही त्याला कुणी ना कुणी हात धरून नेतं. भांडण आपल्या जागी, पण बालाजीरावांनी अख्ख्या ऑफिसला देवणीला बोलावलं. अनुराधाचा भाऊ सुट्टीवर घरी होता. "त्याला पण घेऊन या, ताई," असा निरोप होता. येळवशीला पाहुणा वगळायचा नसतो.

पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपुढं पंगत बसली. भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, तिळाची पोळी आणि मडक्यातली गार आंबील. बालाजीरावांच्या पत्नी, आमच्या वहिनी, वाढता वाढता थांबेनात. बालाजीराव आंबिलीचा चौथा पेला घेत होते आणि तेवढ्यात हँगरमधल्या वाटेचा विषय निघाला. कुणी काढला आठवत नाही. बहुतेक मीच काढला असेल, माझी जीभ जेवल्यावर सैल होते.

"चला, आत्ताच दाखवतो!" बालाजीराव उठले. गोठ्याची भिंत म्हणजे हँगरची भिंत. ट्रॅक्टरची ट्रॉली म्हणजे हेलिकॉप्टर. फारूकभाईंनी ट्रॅक्टरवर चढून ट्रॉली भिंतीला समांतर लावली. टेपनं मोजून मधे नियमाएवढीच वाट ठेवली. बालाजीराव पोट आत घेऊन आडवे होऊन त्या फटीत शिरले आणि या टोकाकडून त्या टोकाला बाहेर पडले. तेही चार पेले आंबील पोटात असताना!

"गेलो का न्हाई?" ते ओरडले. आम्ही टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मीही वाजवल्या.

महेश उठून ट्रॉलीपाशी आला. तो म्हणाला, "सर, एक डाव अजून जा. आता मधी थांबा. आन् फारूकभाई, तुमी नुसता ट्रॅक्टर चालू करा. हलवू नका."

बालाजीराव हसतच आत गेले आणि मधोमध थांबले. फारूकभाईंनी चावी फिरवली. ट्रॅक्टर धडधडला आणि ट्रॉली थरथरायला लागली. जागची हलली नाही, फक्त थरथरत होती. तिचा पत्रा बालाजीरावांच्या छातीपुढं वाजत होता. पाठीला भिंत. त्यांनी एकदा डावीकडं बघितलं, एकदा उजवीकडं. त्यांचं हसू कधी गेलं ते त्यांनाही कळलं नसेल.

तेवढ्यात वहिनी खिरीचं पातेलं घेऊन आल्या. त्यांनी ते बघितलं आणि पातेलं तिथंच टेकवून किंचाळल्या, "अहो, बाहेर या आधी! फारूकभावजी, बंद करा ते!"

ट्रॅक्टर बंद झाला. बालाजीराव आडवे सरकत सरकत बाहेर आले. सदऱ्याला भिंतीचा चुना लागलेला. वहिनी महेशवर चिडल्या होत्या. "असला कसला खेळ? तुमी रोज असं उभं राहता व्हय?"

"हाव वैनी," महेश म्हणाला. "फक्त तिथं मागून ओरडायला कुणी नसतंय."

महेशनं बरगड्यांवर हात दाबून अंग जरा सावरून घेतलं. दुखणं अजून पुरतं गेलं नव्हतं. बालाजीरावांनी त्याचा तो हात बघितला, मग अनुराधाकडं बघितलं. ती मान खाली घालून हरभऱ्याचे डहाळे निवडत होती.

त्या दिवशी बालाजीराव नंतर जेवले नाहीत.

*

पुढच्या सोमवारी अनुराधानं मॉडेल उघडलं तर भिंत सरकलेली. यावेळी डक्टच्या बाजूला! वीतभर नाही, वीत आणि वर दोन बोटं.

"सर, भिंत कुणी सरकवली?"

"मॉडेल हँग झालं असंल," बालाजीराव म्हणाले आणि त्यांनी आपला डबा उघडला. सकाळचे दहा वाजले होते!

मॉडेलमध्ये भिंत सरकवणं सोपं होतं. पुढचं त्यांना जड गेलं. डक्टला जागा कमी पडली म्हणून त्यांनी त्याला वाक दिला. वाक दिला तर इंजिन बनवणारी कंपनी म्हणाली धूर कोंडेल. मग वाक बदलला, तर जहाजाच्या वरच्या भागाचं वजन वाढलं. साहेब चिडले. शिपयार्डच्या एका अधिकाऱ्यानं फोनवर सुनावलं, "नियमात बसत होतं तर हे खाजवून खरूज कशाला काढलीत?" बालाजीरावांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं ऐकून घेतलं. फोन ठेवला आणि पुन्हा डक्टवर बसले. त्या दिवसांत ते घरी जायचे तेव्हा डोळे लाल असायचे. अनुराधा न बोलता त्यांच्या टेबलावर चहा ठेवून जायची.

रिव्ह्यूमध्ये शेवटी भिंत नव्या जागी मंजूर झाली. साहेबांनी बालाजीरावांना विचारलं, "हे तुम्ही आधीच का केलं नाही?" बालाजीराव म्हणाले, "सायेब, आधी मी फक्त इंजिन बघत होतो."

मला तो माणूस तेव्हा फार आवडला. तोंडावर बोललो नाही, कारण मग डोक्यावर बसला असता.

*

जहाज तयार झालं. समुद्रावरच्या चाचण्या झाल्या. हेलिकॉप्टर हँगरमध्ये गेलं. शिपयार्डनं कळवलं की बंदरात जहाज बघायला तुमच्याकडून एकानं यावं. साहेबांनी कुणाला पाठवायचं ते विचारलं आणि बालाजीराव सगळ्यांच्या आधी म्हणाले, "अनुराधाताई."

फोन गेटवरच जमा करावा लागतो, त्यामुळं दिवसभर काही कळलं नाही. आम्ही उगाच कामं केल्यासारखं करत होतो. बालाजीरावांनी एकच ड्रॉइंग तीनदा उघडून बंद केलं. संध्याकाळी गेटबाहेर येऊन तिनं फोन केला. मी स्पीकर चालू केला. फारूकभाईंनी आधी डेकची चौकशी केली, साहेबांनी रंगाची. बालाजीराव खुर्ची ओढून फोनजवळ आले.

"ताई, आपली वाट बघितली का?"

"बघितली, सर."

"माणूस जातोय का?"

"न्हाई, सर."

बालाजीरावांचा चेहरा उतरला. "म्हंजे? का बरं?"

"एक पोरगं तिथं आडवं पडलं होतं, सर. हेलिकॉप्टरच्या अन् भिंतीच्या मधी, टूलबॉक्स उशाला घेऊन. काम उरकून आलं असंल. लई गाढ झोपलं होतं."

बालाजीरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मंग तुमी पलीकडं कशा गेलात?"

"दुसऱ्या बाजूनं, सर. बूट हातात घेऊन."